खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

खंडेनवमीच्या पूजेसाठी आमच्या जुन्या ट्रकचं इंजिन मी स्वतः धुतलं. गॅरेजवाल्यांच्या काळजीवर माझा विश्वास नाही. इंजिन गार होऊ दिलं, बॅटरीची वायर सोडली, हातमोजे घातले. हवेच्या नळीत पाणी जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाला पिशवी घट्ट बांधली. मग ब्रश डिझेलमध्ये बुडवून चिकट मळ खरवडला आणि सगळं पाण्यानं धुतलं.

दुसऱ्या दिवशी वायर जोडली, पूजा झाली, नारळ फुटला. ट्रक मात्र चालू होईना. एवढं चकचकीत इंजिन, दृष्ट लागणारच, असं जाहीर करून मी त्याच्यावरनं लिंबू उतरवलं.

बायको म्हणाली, "लिंबू ऱ्हाऊ दे. निपाणीची माझी साडीची पिशवी नळीवरनं काढा की आधी."

ट्रक लगेच चालू झाला. गावात मी अजून लिंबाचंच सांगतो.