पडवीतून गेलेले नकाशे

पोलिसातल्या नोकरीत मी पंचनामे पुष्कळ केले, पण हसू आवरत लिहिलेला पंचनामा एकच. निवृत्तीनंतरही तो दिवस आठवला की मन प्रसन्न होतं.

तेव्हा माझी नेमणूक डहाणू भागात होती. सरावलीजवळ चिकूच्या वाडीत एक वयोवृद्ध वास्तुविशारद राहत. तरुणपणी त्यांनी एका विद्यापीठाचं अख्खं संकुल उभं केलं होतं. ग्रंथालय, वसतिगृहं, सभागृह, सगळ्याचे हाताने काढलेले मूळ नकाशे त्यांनी जपून ठेवले होते. त्या विद्यापीठाने आता वास्तुविशारदांच्या कागदपत्रांचा संग्रह सुरू केला होता आणि तिथल्या मॅडम दुसऱ्या दिवशी ते न्यायला येणार होत्या. त्या दुपारी वास्तुविशारदांचा जरा डोळा लागला, उठून बघतात तर पडवीतले नकाशे गायब. नक्कल एकाचीही नव्हती.

"इमारती आज ना उद्या पाडतील हो," ते पोलीस ठाण्यात मला म्हणाले. "मी काय केलं, ते त्या कागदांवरच आहे."

 फिर्याद नोंदवून तपास मी स्वतःकडे घेतला.

खबर लगेच मिळाली. वाडीच्या वॉचमनच्या मेव्हण्याचा टेम्पो दुपारी फाटकातून निघून तलासरीकडे गेल्याचं एका रिक्षावाल्याने पाहिलं होतं.  पुढे गुजरातची हद्द, आणि जुन्या कागदाला रद्दीवाला कधी नाही म्हणत नाही. वॉचमनला ठाण्यात आणलं. त्याचा मोबाइल बंद करून टेबलाच्या खणात ठेवला.

"नकाशे कुठंयत?"

"नकाशे मी नाय पाहिले, साहेब."

"कागदाच्या गुंडाळ्या?"

"त्यापण नाय."

खोटं बोलणारा माणूस हळूहळू तपशील वाढवत जातो. हा गडी एका शब्दाने पुढे सरकत नव्हता. आमचे हवालदार चिडले. मला मात्र वाटू लागलं, हा खरं बोलतोय आणि आपणच चुकीचं दार ठोठावतोय. मग मी दुसऱ्या बाजूने विचारलं, "बरं, टेम्पोतून काय गेलं?"

"चटया गेल्या ना, साहेब," तो लगेच म्हणाला. "पडवीत गुंडाळून उभ्या होत्या त्या. वेवजीला भाचीची हळद हाय."

मी बाहेर बाकावर बसलेल्या वास्तुविशारदांकडे गेलो. "सर, नकाशे कशात गुंडाळले होते?"

"चटयांत. प्रवासात दुमडायला नकोत म्हणून. का?"

फिर्यादीत चटईचं नावही नव्हतं. त्यांना चटई दिसली नव्हती, वॉचमनला कागद दिसला नव्हता.

दोघांना जीपमध्ये घातलं आणि वेवजी गाव गाठलं. मांडवात गाणी चालू होती, चटयांवर पाहुणे बसले होते. जीप पाहून गाणी थांबली. मेव्हणा धावत आला आणि वॉचमनवरच उखडला, "दुपारपासून फोन लावतोय, उचलत का नाय? चटयांमदी कोणाचे कागद हायेत?"

फोन माझ्या खणात होता. 

आत नवरीच्या आजीने नकाशे देवापाशी नीट रचून ठेवले होते. "एवढा मोठा कागूद म्हणजे कोणाच्या तरी जमिनीचा," ती म्हणाली. "हरवला तर माणूस कुठं जायाचा?" हळदीच्या घरात आलेली वस्तू म्हणून तिने वरच्या नकाशाला हळदीचं बोटही लावलं होतं. ते नेमकं ग्रंथालयाच्या दारावर उमटलं होतं.

वास्तुविशारद एकेक नकाशा उलगडून पाहत होते. सगळे होते. मग ते वॉचमनकडे वळले, "अरे, मला विचारायचं तरी."

"लग्नाला चटई विचारून नेतात काय, साहेब?" तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता.

म्हातारबुवा मोठ्याने हसले आणि त्यांच्या मागोमाग सगळा मांडव. मग ते स्वतःच्याच चटईवर मांडी घालून बसले. आम्हीही जेवलो, आणि पंचनामा तिथेच लिहिला.

चौकशीत एक गोष्ट मी तेव्हापासून पाळली. हरवलेल्या वस्तूचं नाव आपण आधी घ्यायचं नाही. समोरच्याने काय पाहिलं, ते त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्यायचं. त्यामुळे कितीतरी निरपराध माणसं वेळेत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. हळदीचा डाग पाहून त्या हळहळल्या, तज्ज्ञांकडून काढून घेऊ म्हणाल्या. वास्तुविशारदांनी नकाशा जवळ ओढला. "राहू द्या," ते म्हणाले. "माझ्या ग्रंथालयाची वास्तुशांत राहिली होती. काल झाली."