ढाकेबाई आणि चतकोर कळ

डॉक्टर ढाकेबाईंना "बरं आहे" हे उत्तर चालत नसे. सकाळी दवाखान्यात पाऊल टाकलं की समोर दिसेल त्याला त्या "कसं काय?" म्हणून विचारत. तो बिचारा रीतीप्रमाणे "बरं आहे" म्हणाला की तिथंच अडकायचा. "बरं म्हणजे काय? खोकला गेला का? झोप लागली का? नीट सांग की." आमचा शिपाई तर त्या दुरून दिसल्या की बादली उचलून विहिरीकडे वळायचा. एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. माझे यजमान शाळामास्तर, स्वभावानं भिडस्त. पहिल्याच घासाला ते म्हणाले, "भरीत छान झालंय." बाई लगेच म्हणाल्या, "मास्तर, मीठ कमी आहे. छान कशाला म्हणता? मग उद्याही असंच होईल." मी वाढायचा डाव हातात घेऊन उभी होते. तो कुठं घालावासा वाटला ते सांगत नाही.

धुळ्याच्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्यात मी नर्स होते आणि ढाकेबाई मुख्य डॉक्टर. त्या मूळच्या यावलकडच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातल्या. ठेंगणी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, नऊवारी घट्ट खोचलेली. एरवी पुस्तकातल्यासारखं बोलायच्या, पण चिडल्या की गावची बोली तोंडात यायची. "काबरं बोलत नाही व माय?" हे वाक्य ऐकू आलं, की ओळखायचं, आतल्या बाईनं पुन्हा "बरं आहे" म्हटलंय.

या चिडण्यामागे कारण होतं. दुसरं महायुद्ध चालू असताना बाई काही महिने मुंबईला शिकायला गेल्या होत्या. तिथं एका लष्करी डॉक्टरांकडून त्यांनी पाठीत द्यायचं एक नवीन इंजेक्शन शिकून घेतलं. माकडहाडाच्या जरा वर, कण्याच्या टोकाशी, हाडात एक लहानशी फट असते. तिथून सुई घालून, ती तशीच ठेवून, लागेल तसं औषध सोडलं की बाळंतिणीचं कमरेखालचं अंग बधिर होतं. क्लोरोफॉर्मसारखी शुद्ध जात नाही. बाई जागी असते, बोलते, मूल बाहेर आलेलं डोळ्यांनी बघते, आणि कळा मात्र जाणवत नाहीत. निदान जाणवू नयेत.

ढाकेबाईंचा सगळा जीव त्या "निदान"मध्ये अडकलेला होता. इंजेक्शन दिलं की माझ्यासारखी माणसं हुश्श करायची. त्यांचं खरं काम तिथून सुरू व्हायचं. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस त्या बाईच्या पोटावरून, मांड्यांवरून आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं फिरवायच्या. "इथं गार लागतं? आणि इथं?" मग रक्तदाब. मग पुन्हा कापूस. आणि मग तो प्रश्न, ज्यानं आम्हा सगळ्यांचं डोकं उठायचं: "आता कळ आली ती केवढी होती? आख्खी भाकर? अर्धी? चतकोर? का नुसता पापुद्रा?"

हे माप त्यांनी स्वतःच काढलं होतं. "आकडे विचारले तर बाया घाबरतात," त्या म्हणायच्या, "भाकर मोडायला सगळ्यांना येते." तत्त्व ठीक होतं. पण कळांमध्ये असलेल्या बाईला दर थोड्या वेळानं भाकरीचा हिशेब विचारणं म्हणजे काय असतं, ते त्या खोलीत उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. शिंदखेड्याकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं आणि शेवटी दारातून म्हणाली, "बाई, कळ काय भाकर शे का? कळ तवा शे, तवा!" मला हसू आवरेना. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "मग तवा केवढा तापलाय ते तरी सांगू दे तिला."

त्यांचा खरा राग बायांवर नव्हताच. ज्यांना बायांचा आवाज ऐकू आला नाही की सगळं छान चाललंय असं वाटतं, त्या सगळ्यांवर होता. सासवा दारात बसून अभिमानानं सांगायच्या, "आमनी सून हू का चू करत नही." ते ऐकलं की बाईंच्या कपाळावर आठी पडायची. "ओरडत नाही, एवढंच कळलं," त्या मला म्हणायच्या. "दुखत नाही, हे कुठं कळलं?"

त्यावर मी म्हणे, "बाई, गप्प आहे तर राहू द्या ना. कशाला खाजवून खरूज काढायची?"

"कुसुम, तू नर्स आहेस की सासू?"

असं बोलल्यावर कुणाला राग येणार नाही?

युद्ध संपल्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. औषधं मिळायची मारामार होती. या इंजेक्शनचं औषध मुंबईहून यायचं आणि ते मागवायचं की नाही, हे दवाखान्याचे विश्वस्त ठरवायचे. त्यांतले मुख्य म्हणजे नाना, कापसाचे व्यापारी, भला माणूस. पण डॉक्टरकीतलं त्यांना काही कळत नसे. म्हणून त्यांनी एका मोठ्या डॉक्टरसाहेबांना बोलावलं आणि म्हणाले, तुम्ही एकदा बघा आणि सांगा, तसं करू. मला तेव्हा सातवा महिना होता. माझं पहिलं बाळंतपण फार वाईट गेलं होतं. दोन दिवस अडून मूल हाती लागलं नव्हतं. या खेपेला ते इंजेक्शन मिळणार, या एका आशेवर मी दिवस काढत होते. त्यामुळे साहेबांच्या त्या भेटीकडे माझे डोळे लागले होते, हे वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी दुपारी सुपडा नावाची तरुण बाई कळा देत होती. बाईंनी तिला इंजेक्शन दिलं होतं. साहेब नानांना घेऊन व्हरांड्यात उभे राहिले, दारातून जरा आत डोकावले. सुपडा कुशीवर शांत पडली होती. कळ येत होती, जात होती, तिच्या तोंडून अवाक्षर नाही. साहेब खूश झाले. "वा! उत्तम लागू पडलंय," ते नानांना म्हणाले. "आवाजसुद्धा नाही." नानांनी मान डोलावली. माझ्या जिवात जीव आला. मनात म्हटलं, झालं काम.

तेवढ्यात बाईंनी मला जवळ बोलावलं आणि सुपडाच्या पायांकडे बोट दाखवलं. कळ आली की तिच्या डाव्या पायाची बोटं आत वळत होती. उजव्या पायाची सैल होती. बाईंनी कापूस फिरवला. उजवीकडे गार लागत नव्हतं. डावीकडे कापूस टेकताच तिचं अंग शहारलं.

"सुपडा, डावीकडे दुखतं का?"

"नही, बाई. बठ्ठं बरं शे." म्हणजे पुन्हा तेच, सगळं बरं आहे.

बाईंनी तिच्या सासूला पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर घालवलं आणि दार लोटून घेतलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवत त्या खाली वाकल्या. "आता कुणी नाही इथं. केवढी भाकर?"

सुपडाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आख्खी," ती म्हणाली. "डावीकडे बठ्ठं दुखस, बाई."

"मग बोलली काबरं नाहीस व माय?"

"तुम्ही इतली मेहनत करी. तुम्हले वाईट वाटी म्हनीसन."

बाईंनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, औषधाचा आणखी एक डोस सोडला आणि थांबल्या. थोड्या वेळानं तिची बोटं सैल झाली. "आता?" "चतकोर," सुपडा म्हणाली, आणि मग जरा वेळानं, पहिल्यांदाच हसून, "पापुद्रा."

इथवर सगळं छानच होतं. इथं थांबल्या असत्या तर त्या ढाकेबाई कसल्या! हात पुसत त्या व्हरांड्यात गेल्या. मी मागून त्यांचा पदर ओढला. अक्षरशः ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि साहेबांना म्हणाल्या, "साहेब, आपण पाहिलंत तेव्हा औषध निम्मंच लागू पडलं होतं. तिची डावी बाजू पूर्ण दुखत होती. ती फक्त बोलत नव्हती."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मला दिसलं ते चूक?"

"आपल्याला काही दिसलं नव्हतं, फक्त आवाज ऐकू आला नव्हता, एवढंच. आता ठीक आहे ती. पण दर खेपेला असं विचारून बघावं लागेल. काही वेळा फसेलही."

"तुमची तुम्हालाच खात्री नसेल, तर मी काय सांगणार?" साहेब म्हणाले. नानांनी बाईंकडे पाहिलं, मग साहेबांकडे. व्हायचं तेच झालं. औषध तूर्त मागवू नये, क्लोरोफॉर्म आहेच, असं ठरलं.

मी बाईंशी आठवडाभर धड बोलले नाही. बोलले तेव्हा फटकन बोलले. "एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? बायांच्याच भल्याचं होतं ना ते?"

"खोटं सांगून औषध आलं असतं," त्या म्हणाल्या, "तर प्रत्येक सुपडानं गप्पच पडून राहायचं, नाही का? औषध दिलंय म्हटल्यावर मग तर तिचं कुणीच ऐकलं नसतं."

बरोबर होतं ते. त्यांचं नेहमी बरोबरच असायचं, आणि त्यानंच माणूस जास्त चिडतं.

माझी वेळ आली तेव्हा कपाटात उरलेलं औषध जेमतेम एका बाईपुरतं होतं. ते त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. भर उन्हाळ्याची सकाळ होती. बाईंनी सुई टोचली, औषध सोडलं, कापूस फिरवला. मी वाट पाहत राहिले. काहीच होईना. कुणाकुणाच्या हाडाची ठेवण वेगळी असते, औषध भलतीकडेच जातं, हे मला नर्स म्हणून ठाऊक होतं. कळ आली. बाईंनी विचारलं, "केवढी?"

त्यांचा चेहरा माझ्यासमोर होता. चष्म्याखाली घामाचे थेंब जमले होते. सुपडाला काय वाटलं असेल, ते मला त्या क्षणी अंगभर कळलं. "चतकोर" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता.

"आख्खी!" मी ओरडले. "आख्खी! आणि पुन्हा भाकरीचं नाव काढाल तर मी तुमचा चष्मा फोडीन! काही उपयोग झाला नाही तुमच्या औषधाचा!"

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नाही, लाज नाही. सुई काढून त्यांनी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि माझ्या पाठीशी बसल्या. मूठ वळून माझ्या कमरेत नेमकी कळ उठायची तिथं दाबून धरली. "इथं? का जरा खाली?" "खाली!" "जोरात?" "जोरात!" दुपार कलेपर्यंत त्यांनी ती मूठ काढली नाही. मी त्यांना नाही नाही ते बोलले. माहेरच्या, सासरच्या कुणाला ऐकवणार नाही असं बोलले. त्या प्रत्येक शब्दाला "हं, आणखी?" म्हणत होत्या. गेल्या खेपेला मी दात आवळून गप्प पडले होते आणि सगळ्यांनी माझी वाहवा केली होती. दुखणं या खेपेलाही तेवढंच होतं. पण या खेपेला मी त्यात एकटी नव्हते. मुलगी झाली, मोठ्यानं रडली, आणि बाईंनी तिला माझ्या छातीवर ठेवलं. तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती.

पुढच्या वर्षी ढाकेबाईंनी धुळं सोडलं. विश्वस्तांशी त्यांचं जमेना; यावलला स्वतःचा लहानसा दवाखाना काढायचं त्यांनी ठरवलं होतं. निरोपाच्या सभेत नानांनी हार घातला आणि भाषण केलं. बाई कशा शांत, कशा मायाळू, कशा सगळ्यांशी मिळून मिसळून वागणाऱ्या, हे त्यांनी सांगितलं. बाई खुर्चीत चुळबुळत होत्या. मला भीती वाटली, आता उठून दुरुस्ती करतात की काय.

मोटारीच्या अड्ड्यावर पोचवायला मी मुलीला कडेवर घेऊन गेले. ट्रंक टपावर चढली. बाई पायरीवर पाय ठेवून थांबल्या आणि मागं वळल्या.

"कुसुम, नाना बोलले ते सगळं सोड. माझ्या हाताखाली काम करणं कसं होतं? खरं सांग."

"फार त्रास झाला, बाई," मी म्हणाले. "फारच."

त्या मनापासून हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या मुलीच्या गालाला बोट लावून त्या आत जाऊन खिडकीशी बसल्या. मोटार सुटली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथं उभी राहून रडत होते आणि शेजारची कुठलीशी बाई मला विचारत होती, "काय झालं, अक्का? तुमची आई होती का?"

"नाही," मी म्हणाले. आणि मग त्या अनोळखी बाईला, तिनं फार विचारलं नसतानाही, सगळं नीट सांगत बसले.