भूगोलाच्या बाई आणि थांबायची अट

शाळेने वरच्या वर्गांचा भूगोल बंद केला आणि केस पिकेपर्यंत नद्या-डोंगर शिकवलेल्या बाईंच्या गळ्यात संगणक पडला.

"शुक्रवारी तुमच्या तासाला बसते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "जमलं तर ठीक, नाहीतर बघू."

'बघू' म्हणजे नोकरी जाणार, हे बाईंना कळलं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या जिवावर.

धडा होता स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनचा, म्हणजे संगणकाला दिलेल्या छोट्या आज्ञासंचाचा. बाईंनी घोकंपट्टी केली, पण डोक्यात काही शिरेना. करून पाहिलं, तर फंक्शन स्वतःला हाका मारतच सुटलं आणि यंत्राने मान टाकली. शेवटी त्यांनी नणंदेला फोन लावला. ती प्रोग्रॅमर, पण दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"वहिनी, चारपासून एकपर्यंतचा गुणाकार हवाय ना? चार म्हणतो, मला तीनचं उत्तर आणून द्या. तीन जातो दोनकडे, दोन एककडे. एकने मात्र कुणाकडे जायचं नाही. तिथे उत्तर 'एक' देऊन थांबायचं, की उत्तरं गुणत गुणत माघारी येतात."

"आणि पुस्तकातल्या त्या ओळीत मधेच प्रश्नचिन्ह आहे, ते कशाला?"

"'जर-नाहीतर'चं छोटं रूप. आधी अट, मग प्रश्नचिन्ह. त्यापुढे अट खरी असली तर काय करायचं ते, आणि दोन टिंबांपुढे खोटी असली तर काय ते."

शुक्रवारी बाईंनी ती ओळ लिहिली. चार दिले, उत्तर एक. दहा दिले, तरी एकच. वर्गात खसखस पिकली. मुख्याध्यापिका उठून गेल्या.

 तरी बाई ती ओळ मोठ्याने वाचू लागल्या, "संख्या एक आहे का? नाही. मग टिंबांपुढे जा... अगं बाई, तिथेच मी 'एक' लिहिलंय!" दोन्ही बाजूंची अदलाबदल झाली होती, फंक्शन पुढे कुणाला विचारतच नव्हतं. त्यांनी बाजू फिरवल्या. चारचे चोवीस आले.

त्या धावतच कार्यालयात गेल्या. "मॅडम, मला आत्ता नीट कळलंय. एक संधी द्या."

"मुलांसमोर कळून कसं चालेल, बाई? पुढच्या सत्रापासून नवे सर येताहेत."

संध्याकाळी त्या नवऱ्याला चमच्याने भरवत असताना नणंदेचा फोन आला. त्या फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. "वहिनी, जमलं?"

"समजलं गं," बाई म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आवरेना. "पण नोकरी गेली."



"मी निघते," नणंद म्हणाली. "दादाला सांगू नका अजून."