खाटेवरून पाहणी

रत्नागिरीतली नर्सिंग होम्स कशी चालतात हे पाहायला आमची नागरिक समिती निघाली, तेव्हा समितीतल्या पोस्टातल्या बाई प्रत्येक ठिकाणी रिकाम्या खाटेवर चक्क आडव्या व्हायच्या. चपला खाली, चष्मा पोटावर आणि बोट घंटीवर. मला आधी तो चाळा वाटला. पण उभ्यानं पाहणी करणाऱ्याला फक्त फरशी दिसते, हे आज मी छातीठोकपणे सांगतो.

एका नव्याकोऱ्या नर्सिंग होममध्ये त्यांनी घंटी दाबली. कोणीच आलं नाही.

"चला बाई, ऑपरेशन थिएटर दाखवतो," डॉक्टर म्हणाले.

"थांबा हो. मी आत्ता पेशंट आहे."

शेजारच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेली मंडणगडकडची एक तरुणी होती. तिची सासू भातकापणीसाठी गावी गेलेली. ती हळूच म्हणाली, "कोन येत नाय गो बाय. घंटी नुसती दाखवायला हाय. सकालपासून लघवी धरून ठेवलीय मी."

बाई ताडकन उठल्या. "डॉक्टर, बेडपॅन आणा."

"आया येईल ना आत्ता..."

"तुम्ही आणा."

डॉक्टर लालबुंद झाले, पण गेले आणि घेऊन आले. पडदा ओढत बाई आम्हाला म्हणाल्या, "झाली पाहणी. पुरुष मंडळी, बाहेर!"