मरियेच्या जागी माझी आई

"पूस," साहेब म्हणाले.

टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला बोळा त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला. समोर नाताळच्या नाटकाचा पडदा टांगलेला. मीच रंगवलेला. गोठा, गवत, एक म्हैस, मधे मरिया, तिच्या मांडीवर बाळ. मरियेचा चेहरा अजून ओला होता.

साहेब म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी. चर्चच्या हॉलमध्ये कमिटीची सगळी माणसं पडदा बघायला जमली होती. पहिल्यांदा ओळखलं ते त्यांच्या बायकोनं. बाईसाहेब पडद्याजवळ गेल्या, चार पावलं मागं आल्या आणि हसायलाच लागल्या.

"अहो, ही तर आपली झाडूवाली!"

मग सगळा हॉल हसला.

झाडूवाली म्हणजे माझी आई. ती तिथंच होती. हॉल झाडून दाराशी टेकलेली. झाडू अजून हातात.

"देवाच्या आईला झाडूवाली केलंस?" साहेब म्हणाले. "उद्या गावातली मोठी माणसं येणार कार्यक्रमाला. त्यांना काय सांगू? ही आमची मरिया?"

मी हात वर केला आणि तसाच बोळा धरून उभा राहिलो. टर्पेंटाइन मनगटावरनं कोपरापर्यंत आलं. तेवढ्यात दारातनं आईचा आवाज आला.

"पूस की रं. माझंच त्वांड हाय न्हवं? म्या सांगती, पूस."

मी पुसलं. आधी कपाळ. मग डोळे. काळपट तांबूस रंग ओघळला आणि खाली बाळाच्या अंगावर यायला लागला.

"बाळ सांभाळ," साहेब म्हणाले.

मी तेव्हा विशीच्या आतबाहेर होतो. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. आम्ही कोल्हापुरात मिशनच्या हद्दीत राहायचो, मागच्या बाजूच्या खोल्यांत. आजोबा शाहूवाडीकडच्या एका महारवाड्यातनं बाप्तिस्मा घेऊन आलेले. साहेबांचे आजोबाही बाप्तिस्मा घेऊनच आलेले, पण वाड्यातनं. दोघांच्या डोक्यावर पाणी एकाच भांड्यातलं पडलं म्हणतात. पण आमच्या अंगावरचा महारवाडा त्या पाण्यानं गेला नाही, आणि त्यांच्या अंगावरचा वाडाही.

बाप लवकर गेला. आई चर्च झाडायची, हॉल झाडायची, साहेबांचा बंगलाही झाडायची. मला चित्रांचं वेड. लहानपणी शाळा सुटली की मी शिवाजी पेठेत दस्तगीरचाचांच्या दुकानात जाऊन बसायचो. चाचा सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. थेटरात पिक्चर सुरू व्हायच्या आधी जाहिराती दाखवतात ना, साबणाच्या, साड्यांच्या दुकानाच्या, त्या काचेच्या स्लाइडीही तेच रंगवायचे. हाताएवढीही नाही अशी काच, आणि पडद्यावर भिंतीएवढी होते. ते पहिल्यांदा बघितलं आणि ठरलं. आपल्याला हेच करायचं. पण साबणासाठी नाही. देवासाठी. तेव्हा असं म्हणायला लाज वाटत नव्हती. आताही वाटत नाही.

तर त्या नाताळात पडद्यावर दुसरी मरिया बसली. साहेबांनी घरातलं एक विलायती कॅलेंडर आणून दिलं, त्यावरनं काढली. गोरी, निळ्या डोळ्यांची. म्हैससुद्धा काढून टाकायला लावली. कार्यक्रमात टाळ्या पडल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "पोरगा शिकतोय."

मी आईला विचारलं, "तू कशाला म्हणालीस पूस म्हणून?"

ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"तुला हाकलला असता म्हणून. आन् खरं सांगू का, पुसताना मला काय न्हाय वाटलं. काढलास तवा वाटलं. इतका येळ माझ्या तोंडाकडं कुणी बघत बसलं न्हवतं. तुझ्या बापानंबी न्हाय."

मी उठून बाहेर गेलो.

पुढच्या वर्षी मंडळीनं नवा विभाग काढला. एक जीप, एक प्रोजेक्टर, एक टेपरेकॉर्डर. गावोगाव जाऊन देवाच्या गोष्टी चित्रांतनं दाखवायच्या. विभागाचे प्रमुख अर्थात साहेबच. मला यंत्र चालवायला घेतलं. मला वाटलं, सुरुवात झाली. आज यंत्र, उद्या चित्रं. शिकायला बाहेरगावी पाठवू, असं साहेब म्हणायचे. दर दोन महिन्यांनी म्हणायचे.

स्लाइडी परदेशातनं आलेल्या. त्यातली माणसं दुधासारखी. मेंढरंही धुतल्यासारखी. शाहूवाडीच्या एका खेड्यात, भाताची कापणी झालेल्या खाचरात आम्ही पडदा लावला. खेळ झाला. मी वायर गुंडाळत होतो. एक म्हातारी जवळ आली. ठकूआजी म्हणायचे तिला. आमच्यातलीच, पण बाप्तिस्मा न घेतलेली.

"पावणं, येक इचारू? ही समदी माणसं गोरीच हायती. द्याव काय त्यांच्यातच जल्मतो व्हय?"

"तसं न्हाय आजी."

"मग आमच्यातलं कोन हाय त्यात? येक दाव."

मी पेटी उघडून शोधायला लागलो. खरंच शोधायला लागलो. एकेक स्लाइड कंदिलापुढं धरून बघितली. म्हातारी उभी राहिली. मग कंटाळून निघून गेली.

जीपमध्ये साहेब पुढं बसले होते. मी मागं पेट्यांवर. मला वाटलं विचारावं, आपल्या माणसांच्या स्लाइडी करू का म्हणून. पण विचारून काय होणार ते मला ठाऊक होतं. कोल्हापुरात आल्यावर मी दस्तगीरचाचांकडं गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं, पडद्याचंसुद्धा. ते बोर्डावरच्या हिरॉइनीचा ओठ रंगवत होते.

"चित्र काढायला तुला शिकीवलं कुणी?"

"तुम्ही."

"सायबानं न्हाय न्हवं? मग त्याला कशाला इचारत बसतोस? ती बघ काच, त्यो बघ रंग. बस."

बसलो. आख्खा पावसाळा बसलो. विभागाचं काम संपलं की रोज चाचांच्या दुकानात. मरिया आईच. तिचा नवरा योसेफ म्हणून आमच्या गल्लीतला सुतार. मेंढपाळ म्हणून खांद्यावर घोंगडी टाकलेले धनगर. गोठ्यात म्हैस, पुन्हा. गाव शाहूवाडीचं, लाल मातीचं, कौलारू. गोष्ट आमच्या बोलीत लिहिली आणि टेप केली. दारोदार फिरून जागा मागणाऱ्या मरियेचं बोलणं आईकडनं बोलून घेतलं. आईला लिहायवाचायला येत नव्हतं. मी सांगायचो काय म्हणायचं ते, आणि ती तिला वाटेल तसं म्हणायची.

"दार उघडा वो बाई. दिस भरल्यात माझं. पडवीत पडंन, गोठ्यात पडंन. उघडा."

त्याच खेड्यात नेल्या स्लाइडी. साहेब त्या फेरीला नव्हते. पडद्यावर मरिया एका दाराशी गेली. आतनं नाही म्हणाले. दुसऱ्या दाराशी गेली. नाही. तिसऱ्या दाराशी आईचा आवाज जरा फाटला. खाचरात बसलेल्या बायकांतनं एक बाई ताडकन उठली आणि पडद्याकडं हात करून ओरडली, "हिकडं ये गं बाई! माझ्या घरात ये!"

कुणी हसलं नाही. माझा हात यंत्रावर तसाच राहिला. पुढची स्लाइड लावायचं भानच राहिलं नाही.

ही गोष्ट गावागावांत पसरली. नेसरीकडनं बोलावणं आलं, गडहिंग्लजकडनं आलं. साहेबांच्याही कानावर गेली. मला वाटलं, आता गेली नोकरी. पण साहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं, चहा दिला. त्यांच्या घरातल्या कपात दिला. परदेशी पाहुणे येणार होते, विभागाला मदत करणारे. त्यांना देशी काहीतरी बघायचं होतं.

"तुझ्या त्या स्लाइडी दाखवू या," साहेब म्हणाले.

मी चाचांना सांगितलं, आईला सांगितलं. शर्टाला इस्त्री केली. आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. साहेब दारातच होते.

"तू मागं, यंत्रापाशी. आई व्हरांड्यात बसेल."

ती बसली. झाडून झाल्यावर रोज बसायची त्याच पायरीवर.

पाहुण्यांनी खेळ बघितला. अर्धा झाल्यावर चहासाठी थांबवायचं ठरलं होतं. दिवे लागले. एक पाहुणी डोळे पुसत होती. तिनं विचारलं, ही चित्रं कुणी काढली? मला तेवढं इंग्रजी कळत होतं. साहेबांनी शेजारी बसलेल्या स्वतःच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. पुण्याला कॉलेजात असलेला मुलगा. त्यानं कधी ब्रशही धरला नव्हता. "कल्पना ह्याची," साहेब म्हणाले, "काम आमच्या विभागाचं."

आणि तो बाईचा आवाज?

"असेल गावाकडची कुणीतरी."

मुलगा खाली बघत होता. नाही म्हणाला नाही.

साहेबांनी मला खूण केली. "दिवे बंद कर. पुढं चालू कर."

मी घाबरलो होतो. हे सांगायलाच पाहिजे. शूरवीर कुणी नव्हतो मी. राहायची खोली मिशनची, नोकरी साहेबांची, आईची भाकरीही त्यांच्याच हातात. पण भिंतीपलीकडं ती पायरीवर बसली होती, आणि इथं आत ती कुणीच नव्हती. गोरी माणसं तिच्यासाठी रडत होती आणि ती कुणीच नव्हती.

"न्हाय," मी म्हणालो.

"काय?"

"न्हाय चालू करणार."

मग इंग्रजीत बोललो. मोडकंतोडकं. ही चित्रं मी काढली. आवाज माझ्या आईचा. ती बाहेर बसलीय.

"खाली बस," साहेब मराठीत म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. तोंडावर हसू तसंच. "उद्या बोलू."

"आत्ताच बोलू की." मी व्हरांड्याकडं तोंड करून हाक मारली. "आई, आत ये."

ती उंबऱ्यापर्यंत आली. थांबली. एवढी वर्षं त्या खोलीत ती वाकूनच फिरली होती. माझ्याकडं बघितलं. मग साहेबांकडं. मग आली आणि पाहुण्यांच्या शेजारी रिकाम्या खुर्चीत बसली. बाईसाहेब अर्धवट उठल्या, पुन्हा बसल्या. आईनं फक्त पदर नीट केला आणि ताठ बसून राहिली. मी पेटीत माझ्या काचा भरल्या. प्रोजेक्टर त्यांचा होता, तिथंच ठेवला. आम्ही दोघं पुढच्या दारानं बाहेर पडलो.

आम्ही निघताना पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला होता. ती डोळे पुसणारी बाई तर आईच्या गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी ते सगळे साहेबांकडं जेवले.

त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. आईची झाडलोट गेली. खोली सोडायला सांगितलं. आमच्याच गल्लीतली माणसं म्हणाली, काय गरज होती, गप बसला असतास तर पोट भरलं असतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनाही पोरं होती. पण सामान बाहेर काढताना हात लावायला एकही जण आला नाही. दस्तगीरचाचा हातगाडी घेऊन आले. त्यांच्या दुकानामागची खोली आम्हाला दिली. आई तिथं बरेच दिवस सवयीनं पहाटे उठायची आणि झाडायला जागा नाही म्हणून बसून राहायची.

मी थेटरांच्या जाहिराती रंगवायला लागलो. बंद पडलेल्या एका तंबू थेटरचा स्लाइडींचा जुना प्रोजेक्टर चाचांनी मिळवून दिला. सुट्टीच्या दिवशी तो एसटीच्या टपावर टाकायचा आणि खेड्यात जायचं. कुणी संस्था नाही, जीप नाही. कधी माणसं जमायची. कधी वीजच नसायची, तसाच परत यायचो. नव्या स्लाइडी केल्या. त्यांत ठकूआजीही काढली. बघायला ती राहिली नव्हती.

दोन वर्षांनी आमच्या चर्चचे पाळकसाहेब खोलीवर आले. चांगला माणूस. आईची तब्येत विचारली, प्रार्थना केली. मग म्हणाले, "साहेब तुला परत घ्यायला तयार आहेत. तुझ्यासारखं काम कुणाला जमत नाही. फक्त कमिटीपुढं एकदा माफी माग. ख्रिस्ती माणसानं नम्र असावं, बाळा."

मी आईकडं बघितलं. ती मान हलवून नाही म्हणत होती.

"पाळकसाहेब," मी म्हणालो, "आमच्या तीन पिढ्या नम्र हायती. आता तुमच्या कमिटीतल्या येकानं तरी होऊन दावा."

"म्हणजे तू चर्च सोडणार?"

त्यांना तेच हवं होतं, असं मी म्हणणार नाही. पण साहेबांना तेच हवं होतं. मी निघून गेलो असतो तर सगळं सोपं झालं असतं.

"न्हाय," मी म्हणालो. "रविवारी येणार. आईला घेऊन येणार. आन् आजवर बसलो तसं मागं सतरंजीवर बसणार न्हाय, बाकावर बसणार. कुणाला उठून जायचं आसंल त्यानं जावं."

त्या रविवारी गेलो. पुढच्या बाकावरनं दोन घरं उठली. आम्ही बसलो. अजूनही बसतो. अजूनही कुणीकुणी उठतं. खेळ दाखवतो तिथं दरवेळी आधी सांगतो, ही चित्रं कुणाची, ह्यातली माणसं कुठल्या वस्तीतली. काही ठिकाणी त्यावरनं मला पडदा गुंडाळायला लावलाय. गुंडाळतो, आणि पुढच्या गावात लावतो.

मी देव सोडणार नाही. आणि तो ह्यांच्या एकट्याच्या ताब्यातही सोडणार नाही.