सुतळीचा मांडव

हार्ट अटॅकनंतर माझ्या हृदयाचा एक कोपरा निकामी झाला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण मी भरल्या घागरीसारखा स्वतःला जपत घरात बसायचो. एकदा तपासणी करून चिखलीच्या स्टँडवर बसलो होतो. शेजारी एक म्हातारबा मांडीवर अंबाडीची सुतळी वळत होते. माझ्या हातातलं पेपरचं कात्रण पाहून म्हणाले, "काय वाचून राह्यले, भाऊ?"

मी लगेच मास्तर झालो. मूळ पेशींपासून हृदयाचे नवे स्नायू वाढवायचे प्रयोग चाललेत, नुसत्या पेशी टिकत नाहीत म्हणून आधाराला बारीक जाळी लावतात आणि पेशींनी जोर धरला की जाळी आपोआप विरून जाते, असं सगळं सांगितलं.

"म्हणजे दोडक्याचा मांडवच," ते म्हणाले. "मी बी सुतळीच बांधतो. तार वेलाले कापते. सुतळी काम झालं का कुजून जाते." हात चालूच होते. "मंग तुमच्या छातीत कधी लावतेत?"

"माझा नंबर लागते का नाही, कोणाले माहीत."

"आन् तवर? उरलेला वेल जित्ता हाये ना? त्याले काऊन वाळवून राह्यले?"

डॉक्टरांनी हेच तीनदा सांगितलं होतं, पण इंग्रजीत.

गावच्या फाट्यावर उतरल्यावर मी नेहमीसारखा मुलाला फोन केला नाही. हळूहळू चालत घरी आलो.

"कोणाच्या गाडीवर आले?" बायकोनं विचारलं.

मी धुळीनं भरलेले पाय दाखवले. आमच्या घरात घाण पायांचं एवढं कौतुक पहिल्यांदाच झालं.