सायलेन्सरची जाळी

इतवारीत कडुनिंबाखाली बसणाऱ्या आमच्या मिस्त्रीचं एक ठाम मत होतं: गाड्या बनवणाऱ्यांना गाडीतलं काही कळत नाही. बॉनेट उघडण्याआधी तो गाडीला कान लावी, पान गालात सरकवी आणि रोगी हाताबाहेर गेल्यासारखा चेहरा करून म्हणे, "सर, गाडीले श्वास घेता येऊन नाही राहिला."

माझ्या जुन्या मोटारीच्या सायलेन्सरमध्ये त्याला जाळी सापडली. "हे काहून लावलं असन, सांगा बरं?"

मी मराठीचा प्राध्यापक, मला काय कप्पाळ कळणार! त्यानं छन्नीनं सायलेन्सर फोडला, जाळी उपटली आणि रिकामा डबा पुन्हा जोडून दिला. गाडीनं असा काही श्वास घेतला की निंबावरचे कावळे उडाले.

"पाहा, कशी मोकळी झाली!"

दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजात किती उशिरा पोचतो, हे प्राचार्यांना खुर्चीतून न उठता कळू लागलं. आठवड्याभरात मेमो हातात पडला. जाळी परत मागायला गेलो, तर त्यानं निंबाकडे बोट दाखवलं. बुंध्याला ठोकलेल्या खिळ्यांवर वीसपंचवीस जाळ्या लटकत होत्या.

"तुमची ओळखून घ्या जी."

एवढं बोलून तो चहाला निघाला. त्याची स्वतःची स्कूटर सुरू झालेली मला कळलीसुद्धा नाही.

"हिची जाळी नाही काढली?" मी विचारलं.

"पागल झाले का सर? कंपनीनं काही विचार करूनच लावली असन ना!"